मातीचा किल्ला यामानाका: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात जपानी किल्ल्यांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: ओसाका-नागोया जरूर करा, पण मिशिमाजवळचा यामानाका चुकवू नका, तिथे दगडी तट नाही, मजल्यांवर मजले चढवलेला मनोरा नाही, नुसती माती आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याचं सगळं सदर यामानाकालाच देऊन टाकलं. निम्म्या पत्रांचा सूर ‘काका, थट्टा करता काय?’ असा आहे. थट्टा करत नाही.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी माझ्याविषयी. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरी सगळी मातीच्या धरणांवर गेली. लेक-जावई जपानात शिझुओका प्रांतात असतात, त्यामुळे आपल्याकडचा कडक उन्हाळा मी बहुतेक तिकडेच काढतो. इतिहासकार मी नाही. भरावावर फिरून भेगा आणि पाझर शोधण्यात ज्याची उमर गेली, असा माणूस किल्ला बघतो तसा मी बघतो. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तट नाही, बुरूज नाही, मग त्याला किल्ला का म्हणायचं? आमच्याकडे अशा जागेला टेकाड म्हणतात.
(निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

सर, टेकाडच आहे ते. हाकोनेच्या डोंगराची पश्चिमेला उतरत गेलेली एक सोंड, समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर. पण ते टेकाड कुठे कुठे कापलंय ते एकदा बघा, मग बोलू.

ओदावाराचं होजो घराणं पाच पिढ्या, म्हणजे सुमारे शंभर वर्षं, आजच्या टोकियोच्या आसपासच्या कान्तो नावाच्या मुलखावर सत्ता राखून होतं. त्यांची राजधानी ओदावारा हाकोनेच्या पूर्वेला, समुद्रकाठी. पश्चिमेकडून कुणी चालून आलं तर ते तोकाइदो या हमरस्त्यानं हाकोनेचा घाट चढूनच येणार. म्हणून त्या चढावर, ऐन रस्ता अडवून, होजोंनी १५६० च्या दशकात यामानाका उभारला. ओदावाराच्या पश्चिम दाराचा हा अडसर.

इथली माती म्हणजे फुजी आणि हाकोने या ज्वालामुखींनी हजारो वर्षं उधळलेली राख. तांबूस, चिकट, दगडगोटा फारसा नाही. कान्तो लोम म्हणतात तिला. हिचा स्वभाव आम्हा धरणवाल्यांना विचारा. जागेवरची, न हलवलेली असली तर अगदी उभी कापा, उभी राहते. एकदा का ती खणली, तुडवली आणि वर पावसाची सर आली, की तिचा असा राडा होतो की पाय ठरत नाही. होजोंच्या माणसांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यांचा जन्म याच मातीत खणण्यात गेला होता.

त्यांनी या सोंडेचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा माथ्यावर सपाट केला, दोन तुकड्यांच्या मध्ये खोल चर मारले, आणि चरातून निघालेली माती काठावर टाकून, धुम्मस करून तिथे बांध घातला. म्हणजे माती एकदाच उचलायची, पण खाली खोली वाढते आणि वर उंचीही वाढते. आमच्या खात्यात असा हिशेब बसवणाऱ्याला शाबासकी मिळाली असती. बांधावर लाकडी कुंपण, आत लाकडी इमारती. दगडी तटांचे किल्ले तोवर पश्चिम जपानात उभे राहू लागले होते. ओदा नोबुनागा या बड्या सरदाराच्या आझुची किल्ल्याचं काम १५७६ मध्ये सुरू झालं. पूर्वेकडे मात्र होजोंचा भरवसा मातीवरच होता.

आता ज्यासाठी मी तिथे पुन्हा पुन्हा जातो ते. होजोंनी चर सलग खणले नाहीत. खणताना मध्ये मध्ये मातीच्या भिंती तशाच सोडून दिल्या. काही चरांत त्या एकामागून एक नुसत्या आडव्या आहेत. पण निशिनोमारू, म्हणजे पश्चिमेकडची माची, हिच्या पायथ्याशी त्या आडव्या-उभ्या दोन्ही आहेत. वरून बघितलं की भाजीच्या मळ्यातले वाफे दिसतात, फक्त एकेका वाफ्यात धट्टाकट्टा माणूस डोक्यासकट गडप होईल. जपानी लोक याला शोजीबोरी म्हणतात, त्यांच्या घरातल्या चौकटींच्या कागदी दारावरून.

शत्रूच्या जागी स्वतःला ठेवा. अंगावर चिलखत, हातात भाला. चराच्या बाहेरच्या काठावरून घसरत तुम्ही एका खड्ड्यात पडलात. समोर किल्ल्याच्या अंगाला उंच चढण आहे, ती चढवत नाही. बरं, चरातून कडेकडेनं पळत जाऊन सोपी जागा शोधावी, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरच्या निसरड्या भिंती. एक कशीबशी चढलात तर पलीकडे तसाच दुसरा खड्डा. आणि भिंतीच्या माथ्यावर क्षणभर जरी उभे राहिलात, तरी वरच्या बंदूकवाल्याला तुमच्याइतकं स्वच्छ निशाण दुसरं मिळायचं नाही. चालायला तो माथा अरुंदच, त्यामुळे मागून येणाऱ्यांना एकेकट्यानंच यावं लागतं.

यातली अक्कल माझ्या लेखी अशी की त्या भिंती भर घालून उभारलेल्या नाहीत, खणताना राखलेल्या आहेत. भर घातलेल्या मातीला इतका उभा उतार कधीच पेलत नाही, पहिल्या पावसाळ्यात ती बसते. जागेवरच्या मातीला पेलतो. शंभर माणसं कामाला लावून प्रत्येकाला ‘इथे खण, इथे एक हातभर सोड’ असं आखून देणारा कुणीतरी मुकादम तिथे उभा असणार. त्याचं नाव कुठेच नाही.

तेव्हा सर, तट-बुरूज नाहीत हे खरं. पण किल्ल्याचं काम शत्रूला अडवणं हे असेल, तर ते काम इथे वर बांधून नाही, खाली खणून केलंय.

खंदकात पाणी होतं का? आणि पाण्यात मगरी सोडत असत का?
(इयत्ता सातवी, पुणे)

बाळा, मगरींचं आधी सांगतो: नाही. जपानात रानात मगर नाहीच. आणि एवढ्या थंडीत ती टिकलीही नसती.

पाण्याचं मात्र तुझ्या प्रश्नानं माझ्या आवडीच्या ठिकाणी बोट ठेवलंस. किल्ला डोंगराच्या सोंडेवर, त्यामुळे बहुतेक चर कोरडेच. पण वाफ्यांच्या चरात काही ठिकाणी झऱ्याचं आणि पावसाचं पाणी साठायचं. निशिनोमारूच्या सपाटीवरही पावसाचं पाणी गोळा करायला एक तळं आहे. तिथली जमीन डोळ्यांना सपाट वाटते, पण तळ्याच्या दिशेनं तिला हलका उतार दिलाय. तू गेलास तर एक चेंडू जमिनीवर ठेवून बघ कुठे जातो ते!

खाली हाकोइदो म्हणून एक पाणथळ विहीर आहे आणि तिच्या शेजारी ताजिरी नावाचं तळं. पूर्वी दोन्ही एकच पाणथळ जागा होती, मध्ये बांध घालून ती वेगळी केली. वरचं पाणी माणसांना प्यायला, खालचं घोड्यांना. आपल्या गडांवर पिण्याचं टाकं राखीव असतं आणि जनावरांचं वेगळं असतं, ते तू बघितलं असशील, त्यातलंच हे. किल्ल्याचा नकाशा हातात आला की मी आधी पाणी कुठे आहे ते शोधतो. तूही तसं कर. चार हजार माणसं आणि त्यांचे घोडे पाण्यावाचून एक दिवस काढू शकत नाहीत, बंदुका कितीही असोत.

इतका विचार करून खणलेला किल्ला अर्ध्या दिवसात पडला असं वाचलं. आमच्या चाकणच्या भुईकोटानं १६६० मध्ये शाहिस्तेखानाला जवळपास दोन महिने झुंजवलं. मग या वाफ्यांचा उपयोग काय झाला?
(इतिहासप्रेमी वाचक, चाकण)

बोचरा प्रश्न आहे, आणि मला तो आवडला. फिरंगोजी नरसाळ्यांच्या गावाला असा प्रश्न विचारायचा हक्कच आहे.

आधी प्रसंग. १५९० साली तोयोतोमी हिदेयोशीच्या हाताखाली जवळजवळ सगळा जपान आला होता, मोठं असं होजो घराणंच काय ते अजून वाकलं नव्हतं. त्यात १५८९ च्या अखेरीस होजोंच्या एका सरदारानं सानादा घराण्याचा नागुरुमी नावाचा किल्ला बळकावला. हिदेयोशीनं लढाया थांबवण्याचा हुकूम काढलेला होता, तो मोडला गेला, आणि त्याला हवं ते निमित्त मिळालं.

होजोंना वादळाची चाहूल आधीच लागली होती. १५८७ पासून त्यांनी यामानाका वाढवायला घेतला. रस्त्याच्या दक्षिणेला डोंगराची एक लांब सोंड पुढे गेलेली आहे, तिच्यावर नवी माची काढायची, म्हणजे रस्त्यानं चढणाऱ्या फौजेवर दोन्ही अंगांनी मारा करता येईल, असा बेत. बेत झकास. पण ते काम पुरं झालंच नाही. तिथला चर फिरून बघताना मला कितीदा आमच्याकडचं मार्चअखेरचं काम आठवलं: टेंडर मोठं, मुदत थोडी.

चांद्र पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या २९ तारखेला, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुरुवातीला, हिदेयोशीच्या भाच्याच्या, हिदेत्सुगुच्या, हाताखाली सुमारे सत्तर हजारांची फौज यामानाकावर आली. पुढे शोगुन, म्हणजे जपानचा खरा सत्ताधीश, झालेला तोकुगावा इएयासूही त्यांच्यात होता. किल्ल्यात मात्सुदा यासुनागा हा किल्लेदार आणि मदतीला आलेले धरून चार हजारांच्या आसपास माणसं. एकास सतरा. सकाळी तोंड लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

दक्षिणेच्या त्या अर्धवट माचीवर मामिया यासुतोशी होता, वय ७३. तो आपल्या माणसांसह तिथेच पडला. पण हल्ला करणाऱ्यांना ती दुपार स्वस्तात मिळाली असं समजू नका. हितोत्सुयानागी नाओसुए हा हिदेयोशीचा नावाजलेला सरदार त्याच चढावर गोळी लागून मेला. नाकामुरा काझुउजीच्या पथकातला वातानाबे कानबेई हा आत घुसणाऱ्यांत पहिल्या फळीत होता. त्यानं पुढे आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यामुळे त्या सकाळचा वृत्तांत लढलेल्या माणसाच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोचला. मात्सुदा किल्ला पडताना मेला. मदतीला आलेला होजो उजिकात्सु निसटला, तामानावा या आपल्या किल्ल्यावर गेला आणि पुढे शरण आला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. उपयोग काय झाला? माझं मत विचाराल तर दोष वाफ्यांचा नाही, लांबीचा आहे. नवी माची जोडल्यावर राखायचा घेर वाढला आणि माणसं तेवढीच राहिली. धरण लांब बांधलं आणि चौकीदार दोनच ठेवले तर पाझर कुठे लागला ते कळायच्या आत भराव जातो. त्यात ज्या बाजूनं फौज येणार तीच बाजू अपुरी. अडथळा कितीही चांगला असला तरी त्याच्या मागे बंदूक घेऊन माणूस उभा नसेल, तर सत्तर हजारांच्या लोंढ्यात पुढचे पडतात आणि मागचे त्यांच्यावरून चढतात. ऐकायला भयंकर आहे, पण तसंच झालं असणार.

पडताळा हवा असेल तर शेजारचा निरायामा बघा. तोही होजोंचाच, मिशिमाच्या दक्षिणेला, त्याच मोहिमेत वेढलेला. आत होजो उजिनोरी आणि सुमारे साडेतीन हजार माणसं, बाहेर चाळीस हजारांहून जास्त. तो तीन महिन्यांच्या आसपास टिकला आणि शेवटी तह होऊन गेला. चाकणकरांनी तुलना करायची तर निरायामाशी करावी. तीच माती, तेच खणणारे, पण किल्ला आपल्या माणसांच्या मापाचा होता. शिवाय तिथे शत्रूनं वेढा घालून बसायचं ठरवलं. यामानाका मात्र वाटेतच होता, तो एका झटक्यात उडवल्याशिवाय ओदावाराचा रस्ता मोकळा होत नव्हता.

पुढचं थोडक्यात. ओदावाराला वेढा पडला. हिदेयोशीनं समोरच्या डोंगरावर स्वतःसाठी एक किल्ला बांधून घेतला, तो सगळा दगडी तटांचा. कान्तो भागातला तसा तो पहिलाच. मातीवर पिढ्या काढलेल्या होजोंना तो समोर उभा दिसला तेव्हा काय वाटलं असेल कोण जाणे. सातव्या महिन्यात ओदावारा शरण गेलं. होजो घराण्यातला वडीलधारा उजिमासा आणि त्याचा भाऊ उजितेरू यांना पोट चिरून घ्यायला लावलं, उजिमासाचा मुलगा उजिनाओ याला कोया पर्वतावर धाडलं.

आज जे दिसतं ते खरं आहे, की पर्यटकांसाठी नव्यानं बनवलेलं? हिरवळ इतकी नीटनेटकी दिसते की शंका येते.
(छायाचित्रकार, नाशिक)

शंका रास्त आहे. खरे चर त्या हिरवळीच्या खाली आहेत.

लढाईनंतर किल्ला कुणीच पुन्हा वापरला नाही. ओदावारासारखी शहरातली ठिकाणं पुढच्या राज्यकर्त्यांनी वापरली, तिथे दगड चढले, होजोंची माती खाली दडपली गेली. यामानाका मोडून पडला तो पडलाच. पायथ्याच्या माचीवर रस्त्याच्या कडेनं वस्ती झाली, वरच्या भागात झाडं आणि शेतं. चर हळूहळू भरत गेले. हरलेल्या किल्ल्याचं हे एक बरं असतं, त्याच्यात कुणी सुधारणा करत नाही! १९३४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, आणि १९७३ पासून मिशिमा शहरानं रीतसर उत्खनन सुरू केलं. तेव्हा भरलेल्या मातीखालून हे वाफे जसेच्या तसे निघाले. सोबत बंदुकीच्या गोळ्या, चिलखतांचे तुकडे, चिनीमातीची भांडी.

मग प्रश्न आला, उघडं ठेवायचं का? मघाशी सांगितलं, ही माती उघडी पडून भिजली-वाळली की सुटायला लागते. म्हणून खऱ्या पृष्ठभागावर संरक्षक मातीचा थर दिला आणि त्यावर हिरवळ लावली. आकार, जागा, मांडणी खरी. कडा मात्र मूळच्यापेक्षा गोलसर आणि चर थोडे उथळ. मूळच्या चरात हिरवळ नव्हती, लाल ओली उघडी माती होती. फोटो काढताना ती हिरवळ मनातल्या मनात खरवडून काढा. दोन माच्यांना जोडणारे लाकडी पूल नवे आहेत, उत्खननात खांबांच्या खुणा मिळाल्या त्यावरून उभारलेले.

इतकं करूनही माती ती माती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मोठ्या वादळात इथले काही उतार ढासळले आणि काही भाग बराच काळ बंद ठेवावा लागला. दगडी तट ढासळला तर निदान दगडांना क्रमांक देऊन ते परत रचता येतात. मातीचा उतार गेला की त्याचा मूळ आकार कागदावरच उरतो, म्हणून तिथे मोजमापाचं एवढं महत्त्व. आखूड कात्रीनं कडांचं गवत कापत बसलेले म्हातारे तुम्हाला दिसतील. मी त्यातल्या एकाला मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, यंत्र का नाही वापरत? त्यानं यंत्राचं चाक कडेवर कसं दाबतं ते तळहातानं दाखवलं. मला लगेच पटलं. भरावाच्या कडेवरून ट्रॅक्टर नेऊ नका म्हणून मी आयुष्यभर ओरडत आलो.

आणि ‘खरं-खोटं’ म्हणाल तर ज्या किल्ल्यांचे फोटो तुम्ही कॅलेंडरवर बघता त्यांचंही विचारा की. ओसाकाचा मनोरा १९३१ चा आणि नागोयाचा १९५९ चा, दोन्ही काँक्रीटचे. होजोंच्या ओदावाराला आज जो पांढरा मनोरा आहे तोही १९६० चा, काँक्रीटचाच. १६१५ मध्ये शोगुनानं प्रत्येक सरदाराला एकच किल्ला ठेवायची परवानगी दिली, बाकीचे पाडले गेले; १८७३ मध्ये नव्या सरकारनं उरलेल्यांतले बरेचसे मोडीत काढले. नंतरच्या आगी आणि बाँबहल्ले यांतून मूळचे मनोरे सबंध देशात १२ उरले. त्यांच्याकडे बघायला गर्दी होते, ते ठीकच आहे.

तिथल्या देवळात दोन्ही पक्षांच्या सरदारांच्या समाध्या आहेत म्हणे?
(वाचक, कोल्हापूर)

आहेत. सोकानजी नावाचं छोटं बौद्ध मंदिर आहे, किल्ल्याच्या खालच्या माचीतच. मात्सुदा आणि मामिया यांच्या समाध्या तिथे आहेत आणि त्यांच्यावर चालून आलेल्या हितोत्सुयानागीचीही. हे मंदिर मामियाच्या मुलीनं बापाच्या स्मरणार्थ बांधवलं असं सांगतात. ती पुढे तोकुगावा इएयासूच्या जनानखान्यात होती, आणि इएयासू त्या दिवशी कोणत्या बाजूला होता ते वर लिहिलंच आहे. मंदिर साधं आहे, दहा मिनिटांत बघून होतं. घाईत असाल तरी वगळू नका.

मे महिन्यात मुलाकडे टोकियोला जाणार आहोत. माझे गुडघे दुखतात, यजमान शाकाहारी आहेत. जमेल का? कसं जायचं?
(गृहिणी, ठाणे)

जमेल, ताई. मे महिना तर उत्तमच, त्या सुमारास चरांच्या कडेला लावलेली अझेलियाची झुडपं फुलतात.

टोकियोहून शिनकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, मिशिमाला या, तासाभराच्या आत पोचाल. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. ‘कोदामा’ थांबते, ‘नोझोमी’ थांबत नाही, एवढं मुलाला बघायला सांगा. स्टेशनच्या दक्षिण दारातून हाकोनेकडे जाणारी बस मिळते, ‘यामानाका-जो-आतो’ या थांब्यावर उतरायचं, अर्धा तास धरा. बस तासातून एखादीच असते, परतीची वेळ उतरल्या उतरल्या टिपून ठेवा. किल्ल्याला तिकीट नाही.

चढ आहे, पण आपल्या गडांसारखा छाताडावर येणारा नाही. पायवाटा मळलेल्या आहेत, काही ठिकाणी लाकडी पायऱ्या. गुडघ्यांचा विचार करून आधी निशिनोमारूकडे जा, वाफ्यांचे चर तिथेच आहेत. होनमारू, म्हणजे बालेकिल्ला, आणि त्याच्या पलीकडचा लाकडी पूल जमलं तर करा. बालेकिल्ल्याजवळच्या देवळापाशी जुना प्रचंड सुगी वृक्ष, म्हणजे जपानी सीडर, आहे, त्याच्यावर बाण मारून लढाईचा कौल घेत असत अशी कथा आहे. रस्ता ओलांडून दक्षिणेची माचीही चुकवण्यासारखी नाही, पण ती यजमानांना एकट्याला जाऊन येऊ दे. हवा स्वच्छ असली तर दोन्हीकडून चरांच्या मागे फुजी दिसतो. सकाळी लवकर गेलात तर शक्यता जास्त. दुपारी ढग येतात.

पावसात अजिबात जाऊ नका. गवतावरूनसुद्धा पाय घसरतो, खालची माती कोणती ते आता तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या तोकाइदोचा दगडी फरसबंदीचा रस्ता किल्ल्याला लागूनच जातो. चिखलाला कंटाळून पूर्वी तिथे दरवर्षी बांबू अंथरत, १६८० मध्ये दगड बसवले. ते दगड दिसायला सुंदर आणि ओले झाले की साबणासारखे. त्याच्यावरून चालायचा मोह गुडघेवाल्यांनी आवरावा.

खाण्याचं सांगतो. मिशिमा प्रसिद्ध आहे ती उनागीसाठी, म्हणजे भाजलेल्या वामासाठी. तुम्ही खात असाल तर मिशिमात येऊन ती न खाणं म्हणजे मालवणात जाऊन वरणभात मागवण्यासारखं. यजमानांसाठी मात्र घरून दशम्या आणि चटणी बांधून न्या. जपानी नूडल्सच्या किंवा भाजीच्या रश्शातसुद्धा बहुधा माशाचा अर्क असतो आणि तो त्यांना ‘मांसाहार’ वाटत नाही, त्यामुळे विचारूनही खात्री होत नाही. किल्ल्याजवळ वाहनतळापाशी छोटं दुकान आहे. मुलाला किल्ल्यांचे शिक्के गोळा करायची हौस असेल तर तिथे वही पुढे करा. जपानच्या १०० नामांकित किल्ल्यांच्या यादीत यामानाका ४० वा आहे. परतीच्या वाटेवर ४०० मीटर लांबीचा झुलता पादचारी पूल लागतो, २०१५ मध्ये झालेला. गर्दी असते, तिकीट असतं. मला विशेष वाटला नाही, नातवंडांना वाटेल.

असा आणखी एखादा मातीचा किल्ला सुचवा. यामानाका मी गेल्या वर्षीच बघितलाय.
(आयटी अभियंता, सध्या टोकियो)

वा! मग सुगियामाला जा. सायतामा प्रांतात रानझान गावाबाहेर आहे. तोबू-तोजो मार्गावरच्या मुसाशी-रानझान स्टेशनपासून पाऊण तास चालायची तयारी ठेवा. यामानाकाहून लहान, वाफे नाहीत, पण चर आणि माच्या एकमेकांत अशा गुंतवल्यात की हल्लेखोर जिकडे वळेल तिकडे त्याची बगल उघडी पडते. पाव तासात फिरून होईल असं वाटतं आणि दोन तास कसे गेले ते कळत नाही.

त्याच्यावरून अभ्यासकांत जुना वाद आहे. मांडणी इतकी सफाईदार की सगळे म्हणायचे, हे होजोंचंच काम, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचं. उत्खननात मात्र जी खापरं निघाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या सुरुवातीची, म्हणजे होजो त्या भागात पोचायच्या आधीची. मग तो उएसुगी घराण्याचा ठरतो. नकाशा बघणारे एक सांगतात, खापरं मोजणारे दुसरं. मी खापरांच्या बाजूनं आहे. २००८ मध्ये त्यालाही राष्ट्रीय स्थळाचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यात गवत माजतं आणि डास फार, त्यामुळे डिसेंबर ते मार्च या काळात जा. आणि जाऊन आलात की कळवा, तुम्ही कुणाच्या बाजूनं ते.